हिवाळ्यातले आकडे

मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तात्या दादाच्या पायाची नखं कापत होता. दादा चौऱ्याहत्तरचा, तात्या अडुसष्टचा, आणि घरात दोघांशिवाय तिसरं कोणी नाही. दादाला वाकता येत नाही, आताशा नीट दिसतही नाही, म्हणून दर दुसऱ्या रविवारी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन धाकट्याने बसायचं, असा शिरस्ताच पडून गेला होता. नखं कापताना तात्याच्या मनात काही नसायचं. तसं ते एरवीही नसायचं. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको गेली तेव्हा लोक म्हणाले, माणूस आहे की दगड, डोळ्यांतून टिपूस नाही. लोकांचं फारसं चुकलं नव्हतं, फक्त त्यांना वाटलं की हे आत्ता झालं. दगड व्हायचं काम त्याच्याही बेचाळीस वर्षं आधी उरकलेलं होतं.

"नंतर येऊ का?" बाईंनी विचारलं.

"या हो, या," दादाच म्हणाला. "माझी नखं कापणं म्हणजे काही लग्नाची तयारी नाही."

बाई गावात येऊन तीन वर्षं झाली होती. शाळेत शिकवायच्या आणि उरलेल्या वेळात हाताला लागेल ते जुनं कागदपत्र वाचायच्या. डोंगरावरची तेलाची खोली, म्हणजे जुन्या ट्रान्सफॉर्मरची खोली, पाडायचं घाटत होतं तेव्हा बाई हटून बसल्या, आणि आता तिथे लहानसं संग्रहालय होणार होतं. शिवाय या डोंगरात वीज कशी आली याचं एक पुस्तकही त्या लिहीत होत्या, शाळेतल्या प्रत्येक मुलाला एक प्रत. त्या खोलीत पाळी केलेल्यांपैकी तात्या एकटाच उरला होता, म्हणून चार महिने बाईंनी त्याला पार पिळून काढला होता. गाव त्याला बटणतात्या म्हणायचं. बाईंचा आदर बघून कोणालाही वाटलं असतं की वीज या माणसानेच शोधून काढली.

बाईंनी तात्याला डोळ्यांनी खूण केली. दादासमोर बोलायचं नव्हतं. तात्याने दादाचे पाय पुसले, पायांवर पांघरूण घातलं आणि दोघं स्वयंपाकघरात गेली.

"सोमवारी छापायला जातंय," बाईंनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. "तुम्ही एकदा ऐका, आणि सगळं बरोबर आहे असं खाली सही करून द्या. तुमच्याशिवाय विचारायचं तरी कोणाला?"

तात्या स्टुलावर बसला आणि बाई वाचायला लागल्या.

सुरुवात छानच साधली होती. आधी खाणीत माणसांची नेआण करणारा पिंजरा वाफेवर चालायचा. बॉयलरच्या पोटात घालायला लाकूड लागायचं, आणि दहा वर्षांत आजूबाजूचे डोंगर न्हाव्याने हात फिरवावा तसे गुळगुळीत झाले. लाकूड दोन दिवसांच्या वाटेवरून आणायची वेळ आली, तेव्हा मालकांना खालच्या नदीचा धबधबा आठवला. धबधब्याशी वीजघर झालं. खेचरांच्या पाठीवरून तारांची भेंडोळी वर चढली. खाणीच्या तोंडाशी पहिला दिवा लागला त्या दिवशी एका म्हाताऱ्या खाणकामगाराने आपली विडी त्या दिव्याला लावून पेटवायचा प्रयत्न केला, आणि पेटेना तेव्हा म्हणाला, हा विस्तव काही खरा नाही. ही गोष्ट तात्यानेच बाईंना सांगितली होती.

"आणि आता हे माझं स्वतःचं संशोधन," बाईंच्या आवाजात उत्साह मावत नव्हता. "तुमच्या खोलीतले नोंदींचे कागद मी सगळे चाळले. उन्हाळ्यात विजेचा दाब नाचतो बघा. एकवीसशे साठ, बावीसशे तीस, एकवीसशे नव्वद. पण कडक थंडीच्या तीन महिन्यांत आकडा हलतच नाही! दर अर्ध्या तासाला बावीसशे. बावीसशे, बावीसशे, बावीसशे. नदी अर्धी गोठलेली, तारांवर बर्फ, आणि तरी वीज अशी अखंड! मी लिहिलंय, यावरून त्या काळच्या कामगारांनी डोळ्यांत तेल घालून केलेल्या सेवेची साक्ष पटते. बरोबर ना?"

तात्याने मान खाली घातली. बाईंना ती विनम्रता वाटली. त्यांनी पान उलटलं आणि आवाज खाली आणला.

"आता हे जरा अवघड आहे. पिंजऱ्याचा अपघात. गाळून टाकता येत नाही हो तात्या, पाच माणसं गेली होती. पण मी दादांचा उल्लेख केलेला नाही. ऐका. 'त्या दिवशीही विजेचा पुरवठा अखंडित होता. चाकावरच्या एका कामगाराला डुलकी लागल्यामुळे ही दुर्घटना घडल्याचं चौकशीत सिद्ध झालं.' एवढंच. चालेल ना?"

एका कामगाराला! गावात चार वर्षांच्या पोरालासुद्धा ठाऊक होतं की तो कामगार कोण. चव्वेचाळीस वर्षं दादाचं गावातलं नाव डुलकी होतं. दुकानात, रस्त्यात, अगदी प्रेमानेसुद्धा. डुलकी आला, डुलकीला बसायला द्या. आता तेच शाळेच्या पुस्तकात येणार होतं.

तात्याला काहीतरी वाटायला हवं होतं. त्याला फक्त चुलीवरच्या किटलीचं झाकण हलताना दिसत होतं.

*

तेलाच्या खोलीबद्दल तात्याने बाईंना बरंच सांगितलं होतं, पण एक गोष्ट सांगितली नव्हती.

डोंगरमाथ्यावर लाकडी खोली, आत तेलात बुडवलेले तीन मोठे ट्रान्सफॉर्मर. तेल म्हटल्यावर विस्तव बंद. शेगडी नाही, कंदील नाही, विडीसुद्धा नाही. बाहेर कंबरेएवढा बर्फ आणि आत ओठांना मिशा चिकटतील अशी थंडी. भिंतीवर नियमांचा फलक होता. त्यावर दुसरा नियम असा की दर अर्ध्या तासाला काट्यावरचा आकडा कागदावर उतरवायचा, आणि तो शाईनेच. शिसपेन्सिल चालणार नाही, कारण पेन्सिलीचं लिहिलेलं खोडता येतं आणि मग माणसं लबाडी करतात. हे नियम ज्याने केले तो साहेब खाली गावात शेकोटीशी बसत असे, हे वेगळं सांगायला नको.

शाई गोठायची. सकाळी सहाला पाळी सुरू झाली की सातच्या आत दौतीत काळा खडा. मग माणसांनी काय करावं? तात्या पहिल्या दिवशी कामावर गेला तेव्हा त्याच्या आधीच्या पाळीवाल्याने त्याला बाजूला घेऊन शिकवलं. दौत घरून काखेत धरून आणायची. आल्या आल्या टेबलाशी बसायचं आणि दुपारी दोनपर्यंतच्या सोळा ओळी एका दमात भरून टाकायच्या. "शाई जिवंत आहे तोवर लिहून घे," तो म्हणाला होता. "काटा काय, तिथेच असतो."

आणि काटा खरंच बहुतेक तिथेच असायचा. तिन्ही पाळ्यांचे लोक तेच करायचे. यात खोटं काही आहे असं कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

त्या दिवशी सकाळी तात्याने सोळा वेळा बावीसशे लिहिलं, दौतीला बूच लावलं आणि दहाच्या सुमाराला लांब काठी घेऊन तारांवरचा बर्फ झाडायला बाहेर पडला. हेही कामच होतं. बर्फाचा एक लांबलचक तुकडा सुटून खाली पडला, हलकी झालेली तार उसळली, शेजारच्या तारेला जाऊन भिडली, आणि खोलीच्या आत धाडकन खटका पडून वीज तुटली. तात्या धावत आत आला. तारा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं, तसा तो थांबला, आणि मग खटका वर केला. सगळं मिळून चार मिनिटं. काटा पुन्हा बावीसशेवर. त्याला वाटलं, निभावलं.

खाली खाणीच्या तोंडाशी दादा चाकावर होता. पिंजरा ओढणारं ते विजेचं चाक चालवायला हुशार माणूस लागतो म्हणून कंपनीने वाफेच्या काळापासूनच्या माणसांतून त्याला निवडला होता. पिंजरा वर यायला थोडंच अंतर उरलं होतं. वीज गेली की हातब्रेक ओढून पिंजरा धरायचा असतो. दादाने ओढला. ब्रेकची लाकडं ओलसर होऊन गोठली होती, ती धरेनात. त्याने सगळं अंग त्यावर टाकलं. पिंजरा पाच माणसांसकट खाली गेला.

त्या तारेवर तेव्हा दोनच गोष्टी होत्या, चाकाची खोली आणि खाणीच्या तळाचा पंप. पंपवाला पिंजऱ्यात होता, म्हणजे वीज गेल्याला दादाशिवाय साक्षीदार नव्हता.

चौकशी चौथ्या दिवशी झाली. दादा एकच सांगत होता, वीज गेली होती. खालच्या वीजघरातला काटाही हलला असणार, पण तिथला कागद कोणी मागवलाच नाही. वरचा कागद इतका स्वच्छ होता की गरजच पडली नाही. तात्याला पुढे बोलावलं. साहेबाने कागद फिरवून त्याच्यासमोर धरला.

"अक्षर तुझं?"

"हो."

"ज्या त्या वेळी लिहिलंस?"

"हो."

बस, एवढंच. कोणी धमकावलं नाही, कोणी आमिष दाखवलं नाही. तो चोवीस वर्षांचा होता, आणि दुसरा 'हो' पहिल्याच्या पाठोपाठ घरंगळत बाहेर आला. त्याने मनात ठरवलं, संध्याकाळी दादाला सांगू. मग दोघं मिळून काय ते बघू.

संध्याकाळी दादा टेबलावर हात ठेवून बसला होता. आई भिंतीकडे तोंड करून.

"तू वर होतास," दादा म्हणाला. "वीज गेली होती ना रे?"

आणि तात्या म्हणाला, "कागदावर तसं नाहीये, दादा."

दादाने मान डोलावली. त्याने पुन्हा कधीच विचारलं नाही. त्याचं काम सुटलं, ठरलेलं लग्न मोडलं. पुढे तो दगड फोडायच्या कामाला लागला आणि तात्याचा संसार झाला तसा तात्याच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायला आला. तात्याने त्याचं सगळं केलं. कपडे, औषधपाणी, म्हातारपणी आंघोळसुद्धा. बायको कधीकधी म्हणायची, सख्ख्या बापाचं कोणी एवढं करत नाही. तात्या हं म्हणायचा. त्या दिवसापासून त्याला आतून बधिर वाटत होतं, पाय मुडपून फार वेळ बसल्यावर वाटतं तसं. फरक इतकाच की पायाला मुंग्या येऊन तो थोड्या वेळाने आपला होतो.

*

"तात्या?" बाई म्हणाल्या. "मी सही म्हणाले, पण घाई नाही."

"ते आकडे खोटे आहेत," तात्या म्हणाला.

"कुठले?"

"थंडीतले सगळे."

मग त्याने सांगितलं. त्याला वाटायचं, हे सांगायला कधी लागलोच तर रात्र पुरायची नाही. किटली उतू जायच्या आत सांगून झालं. शाई, दौत, सोळा ओळी, खटका, चार मिनिटं, दोनदा 'हो'. त्याचा आवाज ट्रान्सफॉर्मरमध्ये तेल किती मावायचं ते सांगताना असायचा तसाच होता.

बाईंना आधी काही उमगलंच नाही. मग त्यांनी गठ्ठ्यातून त्या दिवसाचा नोंदींचा कागद काढला, उजेडात धरला, मग आदल्या दिवसाचा, मग पुढच्या दिवसाचा. सोळा ओळी, एकाच जोराने, एका बैठकीत लिहिलेल्या. एकदा कळल्यावर ते आंधळ्यालाही दिसलं असतं.

"अगंबाई," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे माझं ते सगळं प्रकरण..."

"फाडून टाका."

"तात्या, दादांना हे माहीत आहे?"

"नाही."

बाईंनी कागद पुन्हा गठ्ठ्यात घातले. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्यांना चिडायलाही सुचलं नसावं.

"मी हे छापणार," शेवटी त्या म्हणाल्या. "जसं झालं तसं. पण त्याआधी त्यांना कळायला हवं, आणि ते तुमच्या तोंडून. आत्ता. सोमवारपर्यंत थांबलात तर तुम्ही सांगायचे नाहीत."

बाईंनी त्याला चांगलंच ओळखलं होतं. तात्या उठला.

*

दादा होता तिथेच, खिडकीशी बसला होता. तात्या त्याच्यासमोर जमिनीवर बसला. बाई दारात थांबल्या.

"दादा, अपघाताच्या दिवशी वीज गेली होती."

"काय?"

"वीज गेली होती. खटका पडला होता. मीच वर केला. चार मिनिटं तारेत काही नव्हतं. कागद मी सकाळीच लिहून ठेवला होता, शाई गोठायची म्हणून. चौकशीत मी खोटं बोललो. तुला डुलकी लागली नव्हती. तुझं काहीच चुकलं नव्हतं, दादा."

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ओढत गेलं. तिचा खडखडाट लांब जाईपर्यंत दादा ऐकत राहिला. मग तो हसला. कडवट वगैरे अजिबात नाही, लहान मुलाने काही गंमत सांगितल्यावर मोठी माणसं हसतात तसं.

"बाई," तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "तुमच्या पुस्तकात ते येणार आहे, नाही का? म्हणून हे चाललंय होय."

"दादा, खरं सांगतोय मी."

"अरे, मला आठवतं ना." दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चाकाच्या खोलीत उबदार असायचं. मान खाली गेली होती माझी. हनुवटी इथे टेकली होती." त्याने छातीवर, सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीपाशी बोट ठेवलं. "इतकं स्पष्ट आठवतं."

"तू तर सांगत होतास, वीज गेली म्हणून! सगळ्यांसमोर सांगत होतास!"

"सांगत होतो खरं. पहिली एकदोन वर्षं मला तसंच दिसायचं. डोळे मिटले की समोरचा दिवा विझायचा. पण सगळे एक सांगतायत, कागद तेच सांगतोय, आई म्हणते आता गप्प बस, आणि मी एकटाच वेगळं बोलतोय. असं कसं असेल? म्हणून मी रोज बसून नीट आठवायला लागलो. मिनिटामिनिटाने. आणि मग एक दिवस आठवलं. मान खाली गेलेली. तेव्हा कुठे जिवाला थारा मिळाला बघ."

तात्याचं तोंड उघडं राहिलं. त्याला वाटत होतं, दादाच्या आत कुठेतरी खरं काय ते अजून जागच्या जागी असेल, कुलूप लावून ठेवल्यासारखं, आणि आपण फक्त किल्ली द्यायची. तिथे काही उरलंच नव्हतं.

"बाईंना विचार!" तो म्हणाला. "कागद बघ, बाई दाखवतील. सगळ्या ओळी एका दमात..."

"मला कुठे दिसतंय आता." दादाचा आवाज शांत होता. "हे बघ, मी त्या पाचही घरी जाऊन आलो होतो. तुला सांगितलं नव्हतं. तुला उगाच लागलं असतं. प्रत्येकाच्या दारात उभा राहून म्हटलं, माझा डोळा लागला, माझ्यामुळे तुमचा माणूस गेला. तिघांनी दार लावून घेतलं. एकीने थोबाडीत मारली. पंपवाल्याच्या बायकोने मात्र आत घेतलं. म्हणाली, तू येऊन कबूल केलंस, मी तुला माफ केलं. दर वर्षी जायचो मी तिच्याकडे, ती होती तोवर. आता तिला काय सांगू, की चूक माझी नव्हतीच?"

दारात बाईंनी तोंडावर हात धरला होता.

"बाई, एवढं ऐका माझं," दादा म्हणाला. "हे लिहू नका. माझ्यापायी हा स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय. लहानपणापासून असाच आहे, माझ्यासाठी जीव टाकेल. उद्या पोरंसोरं याला खोटारडा म्हणायला लागतील, आणि ते मला या वयात बघवणार नाही. माझ्याबद्दल लिहिलंय ते राहू द्या. मला सवय आहे."

"मी काय करू, तात्या?" बाईंनी विचारलं.

"मी सांगितलं ते लिहा," तात्या म्हणाला. "सही देतो."

बाईंनी कागद त्याच्या गुडघ्यावर ठेवला, त्याने सही केली, आणि त्या लगबगीने निघून गेल्या. त्या ते छापणार होत्या, यात शंका नव्हती. गावाला खरं कळणार होतं. ज्याला कळायला हवं होतं तो एकटा सोडून बाकी सगळ्यांना.

तात्या जमिनीवरच बसून राहिला. आत काहीतरी फाटायला हवं होतं, पण काही हललं नाही, आणि ते हलत नाही याचीच त्याला पहिल्यांदा भीती वाटली. दादाचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता. मध्येच तो हात उचलला गेला आणि दादाने चाचपडत त्याच्या डोक्यावरून फिरवला.

"तात्या, खरं नसलं तरी मला बरं वाटलं हं," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत माझ्या बाजूने कोणी बोललं नव्हतं."